पंख्याची पारख

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाहीं, बंदर नाहीं, आणि आगबोट पाहावयाची तर तेथील माणसाला मुंबई गांठावी लागते. तथापि पाण्याशीं या जिल्ह्याचा संबंध थोडाथोडका नाहीं. पूर्वेकडे वर्धा आणि दक्षिणेकडे पैनगंगा या दोन मोठ्या नद्या त्याची सीमा आंखतात. पूस, अरुणावती व अडाण या पैनगंगेला मिळतात, बेंबळा वर्धेला मिळते, आणि वणी तालुक्याच्या सीमेवर खुद्द पैनगंगाहि वर्धेंत आपलें पाणी ओतते. उन्हाळ्यांत ज्या पात्रांतून गुरें चालत जातात, तींच पात्रें पावसाळ्यांत गांवाच्या वेशीपाशीं येऊन ठेपतात. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांडा असाच पुरानें वेढला गेला, आणि तेथील लोकांच्या सुटकेसाठीं वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावें लागलें. परंतु हेलिकॉप्टर हें प्रत्येक गांवाच्या वाट्याला येणारें साधन नव्हे. बहुतेक ठिकाणीं अडकलेल्या माणसाकडे जाते ती रबराची होडी, आणि तिच्या पाठीमागें टांगलेलें लहानसें इंजिन. त्या इंजिनाच्या तळाशीं जेवणाच्या ताटाएवढा एक पंखा पाण्यांत फिरत असतो. होडी माणसांपर्यंत पोहोंचेल कीं नाहीं, आणि भरल्या ओझ्यानें परत येईल कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं त्या पंख्यावर अवलंबून असतें.

असे पंखे बाजारांत अनेक मिळतात. इंजिनाबरोबर कारखानदार एक देतोच. शिवाय निव्वळ पंखेच बनविणारे कारखाने आहेत, आणि आपल्या पंख्यानें होडी अधिक वेगानें धांवेल असें त्यांतील प्रत्येकाचें म्हणणें असतें. यांत खरा चांगला कोणता? या प्रश्नाचें उत्तर गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत सांपडतें. तें असें कीं, होडी कोणती, ओझें किती आणि पाणी कसें, हें ठरल्यावांचून पंख्यांची तुलना करतांच येत नाहीं.

प्रथम पंख्याचें काम कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. पंखा म्हणजे वस्तुतः एका मळसूत्राचे कापून घेतलेले तुकडे होत. लांकडांत स्क्रू पिळला असतां एका फेऱ्यास तो ठराविक अंतर आंत जातो. पंखाहि पाण्यांत तसाच पुढें सरकतो. एका पूर्ण फेऱ्यांत त्यानें जें अंतर तोडावें अशी त्याची घडण असते, त्याला यांत्रिक लोक पिच म्हणतात. पंख्यावर १३ बाय १९ असे आंकडे असले, तर पहिला त्याचा व्यास व दुसरा त्याचा पिच, दोन्ही इंचांत, असें समजावें. इंजिन मिनिटास ५,५०० फेरे घेत असेल, आणि मधल्या दंतचक्रांमुळें पंख्याला त्याच्या निम्मे म्हणजे २,७५० फेरे मिळत असतील, तर १९ इंच पिचच्या पंख्यानें होडी तासाला सुमारें ४९.५ मैल जावयास पाहिजे. परंतु पाणी म्हणजे लांकूड नव्हे. तें दाबाखालीं मागें हटतें. शेंकडा १० अंतर असें वायां गेलें, तर वेग ४४.५ मैलांवर येतो. शर्यतीच्या हलक्या होडींत ही घसर कमी असते. माणसांनीं भरलेल्या जड होडींत ती फार वाढते. पिच मोठा केला कीं वेग वाढलाच, ही समजूतहि येथेंच चुकते. तो पंखा इंजिनाला पेलला नाहीं तर इंजिन धापा टाकूं लागतें. पिच एक इंचानें वाढविला असतां इंजिनाचे फेरे मिनिटास साधारणतः दीडशें ते दोनशेंनीं उतरतात.

आगबोटींच्या आरंभकाळीं पंखा नव्हताच. दोन्ही बाजूंस पाणचक्कीसारखीं मोठीं चाकें असत. मुंबईच्या गोदींत बांधलेली ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली, आणि २२ एप्रिलला सुएझला पोहोंचली. तिच्या कोठारांत जितका कोळसा मावे, त्याहून पुष्कळ अधिक कोळसा एडनपर्यंतच्या प्रवासाला लागे. म्हणून तो मिळेल त्या जागीं रचावा लागला, आणि निघतांना आगबोट पाण्यांत फार खोल बसली. चाकाची खरी अडचण हीच होती. तें एका ठराविक खोलीवर असलें तरच नीट काम करी. कोळसा भरलेला असतांना चाक अधिक बुडे, कोळसा संपत आला कीं वर येई, आणि लाटेनें जहाज कलंडलें कीं एक बाजूचें चाक हवेंतच फिरे. साधन ओझ्याशीं जुळलें पाहिजे, हा धडा मुंबईच्या खलाशांना पंख्यापूर्वींच मिळाला होता.

१८३६ सालीं इंग्लंडांत दोघांनीं जवळजवळ एकाच वेळीं पंख्याचें पेटंट घेतलें. एक फ्रान्सिस पेटिट स्मिथ नांवाचा शेतकरी, आणि दुसरा जॉन एरिक्सन नांवाचा स्वीडिश यंत्रज्ञ. स्मिथनें आपल्या होडीला दोन पूर्ण वेढ्यांचें लांकडी मळसूत्र लावलें होतें. १८३७ सालीं लंडनच्या कालव्यांत चालवितांना तें कशावर तरी आदळून निम्में तुटलें, आणि आश्चर्य असें कीं होडी पूर्वीपेक्षां वेगानें धांवूं लागली. लांब मळसूत्राचा पुष्कळसा भाग पाण्याशीं घासण्यांतच शक्ति दवडीत होता. त्या दिवसापासून मळसूत्र आंखूड होत गेलें आणि त्याचीं पातीं बनलीं.

इंग्रज आरमारानें या नव्या साधनाची परीक्षा ‘रॅटलर’ या जहाजावर घेतली. १८४३ सालीं तें पाण्यांत उतरल्यापासून त्याला निरनिराळ्या घडणीचे पंखे आळीपाळीनें लावून वेग मोजण्यांत आले. जहाज तेंच, इंजिन तेंच, बदलला तो केवळ पंखा. तुलनेची ही रीति निर्दोष होती. पण लोकांच्या स्मरणांत राहिला तो दुसराच प्रसंग. एप्रिल १८४५ मध्यें ‘रॅटलर’ आणि चाकांचें जहाज ‘अलेक्टो’ यांना शेपटीशीं शेपटी बांधून उलट दिशांना ओढावयास लावलें, आणि ‘रॅटलर’नें ‘अलेक्टो’ला चाकें फिरत असतांच मागें फरफटत नेलें. चाकांचा पराभव सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला. तथापि दोन्ही इंजिनें नांवाला सारखीं असलीं, तरी ‘रॅटलर’चें इंजिन त्या वेळीं प्रत्यक्षांत पुष्कळच अधिक शक्ति देत होतें. शिवाय आरमारानें पंख्याची निवड त्या आधींच, शांतपणें घेतलेल्या चांचण्यांवरून, केलेली होती. रस्सीखेंचीनें गर्दीची खात्री पटली. ज्ञान मिळालें तें मात्र त्या कंटाळवाण्या मोजमापांतून.

या स्थित्यंताराचा ठसा मुंबईच्या गोदीवरहि उमटला. वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानाचीं जहाजें तेथें बांधलीं जात. १८४८ सालीं पाण्यांत उतरलेलें ८० तोफांचें ‘मिआनी’ हें शिडाचें जहाज. त्याला १८५७ सालीं इंजिन आणि पंखा बसविण्यांत आला. उलट १८५४ सालचें ‘पंजाब’ हें चाकांचें लढाऊ जहाज जॉन विलिस या इंग्रज व्यापाऱ्यानें पुढें विकत घेतलें, त्याचीं इंजिनें व चाकें काढून टाकलीं, आणि ‘ट्वीड’ या नांवानें तें निव्वळ शिडांवर चालविलें. तें इतकें वेगवान् ठरलें कीं, १८६९ सालच्या ‘कटी सार्क’ या प्रख्यात गलबताच्या घडणींत त्याचा आदर्श पुढें ठेवला गेला. एकाच गोदींतल्या दोन जहाजांचें भाग्य असें उलट दिशांनीं फिरलें. जहाजाचा तळ आणि त्याला पुढें नेणारें साधन यांचा विचार एकत्रच करावा लागतो, याचें हें घरचें उदाहरण होय.

पुढें वेगाची हांव वाढली तसा पंख्याचा एक नवाच दोष उघडकीस आला. चार्लस पार्सन्स यानें वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ नांवाची नौका १८९४ सालीं पाण्यांत सोडली. इंजिन विलक्षण वेगानें फिरे. पण नौका अपेक्षेइतकी धांवेना. शोध केल्यावर कळलें कीं, पंखा फार वेगानें फिरूं लागला म्हणजे पात्याच्या पाठीवरील दाब इतका उतरतो कीं, थंड पाण्याचीच तेथें वाफ होते, आणि त्या पोकळींत पंखा नुसता घुमत राहतो. तेव्हां पार्सन्सनें एकाऐवजीं तीन दांडे घातले व प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसविले. १८९७ सालच्या आरमारी संचलनांत ‘टर्बिनिया’ तासाला ३४ सागरी मैलांच्या वेगानें सर्वांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. अधिक फेरे म्हणजे अधिक वेग नव्हे, हें त्या नौकेनें शिकविलें.

होडीच्या बाहेर टांगावयाचें इंजिन लोकांच्या हातीं आलें तें विसाव्या शतकांत. नॉर्वेंत जन्मलेला व अमेरिकेच्या मिलवॉकी शहरीं स्थायिक झालेला ओले एव्हिनरूड यानें १९०९ सालीं आपलीं इंजिनें विकावयास काढलीं. त्याच्या आधींहि कांहीं प्रयत्न झाले होते. पण खरा प्रसार येथून झाला. मोठ्या जहाजाचा पंखा त्याचा रचनाकार ठरवी. या नव्या व्यवस्थेंत होडी एकाची, इंजिन दुसऱ्याचें, आणि पंखा निवडण्याचें काम होडीच्या मालकाकडे आलें. निव्वळ पंख्यांचा व्यापार फोफावला तो यामुळें.

आज या व्यापारांत मुख्यतः तीन गोष्टींची तुलना होते. पहिली धातूची. स्टेनलेस पोलादाचीं पातीं पातळ असूनहि वांकत नाहींत, म्हणून वेग थोडा वाढतो. ॲल्युमिनियमचीं पातीं स्वस्त, जाड आणि नरम असतात. दुसरी पात्यांच्या संख्येची. तीन पात्यांचा पंखा सहसा सर्वाधिक वेग देतो. चार पात्यांचा पाण्याला घट्ट धरतो, ओझें लवकर उचलतो आणि मंद गतीतहि होडी ताब्यांत ठेवतो. तिसरी पात्याच्या कडेला दिलेल्या बांकाची. या बांकामुळें पंखा पृष्ठभागाच्या जवळ फिरला तरी वरची हवा ओढून घेऊन सुटत नाहीं. खरी तुलना करावयाची तर होडी, ओझें, इंधन आणि इंजिनाची उंची हीं सारखींच ठेवावीं. प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध असें दोन्हीकडे धांवून वेगाची सरासरी काढावी. आणि इंजिनाचे फेरे कारखानदारानें सांगितलेल्या मर्यादेंत राहतात कीं नाहीं तें पाहावें. रिकाम्या होडीचा वेग सांगून पंख्याची थोरवी गाणाऱ्याला भरल्या होडीचा आंकडा अवश्य विचारावा.

पुराच्या पाण्यांत तर हा प्रश्न मौजेचा राहत नाहीं. पैनगंगेच्या पुरांत झाडांच्या फांद्या, कुंपणाच्या तारा, कडब्याच्या पेंढ्या वाहत येतात, आणि शेताच्या बांधावर पाणी गुडघाभरहि नसतें. तेथें तासाला ४५ मैल जाणारा पंखा काय कामाचा? लहान पिचचा, ओझें पेलणारा आणि आदळला तर स्वतः वांकून इंजिनाचीं दंतचक्रें वांचविणारा ॲल्युमिनियमचा पंखा तेथें उजवा ठरतो. त्याच्याभोंवतीं जाळीचें कडें असलें तर वेग थोडा घटतो. पण पाण्यांत हातपाय मारणाऱ्या माणसाला पात्याची इजा टळते. माणूस होडीजवळ आला कीं इंजिन बंद करणें, ही तर पहिली शिस्त. आणि पंखा कितीहि उत्तम असला तरी तो होडीची क्षमता वाढवीत नाहीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटून अनेक माणसें बुडालीं. तींत क्षमतेहून अधिक माणसें होतीं.

विदर्भांतल्या नद्यांवर डोंगा चालविणारा जुना नावाडी उथळ पाण्यांत काठी रोंवी, खोल पाण्यांत वल्हें घेई, आणि डोंग्यांत किती जण बसवावयाचे हें काठावरच सांगे. यंत्राच्या होडीला पंखा निवडतांनाहि हाच क्रम योग्य होय. म्हणून नदीकांठच्या गांवासाठीं होडी घेतली जाईल, तेव्हां पावसाळ्यापूर्वीं एके दिवशीं तींत पुरेशीं माणसें बसवून, त्याच नदीच्या पाण्यांत, दोन-तीन पंखे लावून पाहावेत. त्या एका दिवसाच्या चांचणीनें जें कळेल, तें पूर आल्यावर शिकावयास सवड मिळत नाहीं.