सलग ८० सामने हरलेला कॉलेजचा संघ : प्रेअरी व्ह्यूच्या फुटबॉलची दहा वर्षं (१९८९ ते १९९८)

एखादा संघ पाच सामने हरला की गावात चर्चा सुरू होते. दहा हरला की वर्गणी बंद होते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मात्र एका खेड्यातल्या कॉलेजचा फुटबॉल संघ एक-दोन नव्हे, सलग ८० सामने हरला. जवळपास नऊ वर्षं एकही विजय नाही. तरीही दर शनिवारी पोरं मैदानात उतरत राहिली. कॉलेजचं नाव प्रेअरी व्ह्यू ए अँड एम आणि संघाचं नाव पँथर्स. हे सगळं कसं घडलं, का घडलं आणि पुढं काय झालं, याची ही माहिती.

थोडक्यात

- कॉलेज : प्रेअरी व्ह्यू ए अँड एम, वॉलर काउंटी, टेक्सास
- स्थापना : १८७६
- शेवटचा विजय : २८ ऑक्टोबर १९८९
- १९९० : संघ पूर्ण बंद
- १९९१ : शिष्यवृत्तीशिवाय पुन्हा सुरू
- सलग पराभव : ८०
- मालिका तुटली : २६ सप्टेंबर १९९८, लँगस्टनविरुद्ध १४-१२

हा आपला फुटबॉल नव्हे

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो पायानं खेळायचा आपला फुटबॉल नाही. तिथला चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळायचा किंवा साथीदाराकडे फेकायचा, आणि समोरच्यानं अंगावर जाऊन अडवायचं. मैदान १०० यार्डांचं आणि प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्याकडे जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की 'टचडाउन', त्याचे ६ गुण. त्यावर १ किंवा २ जादा गुण घेण्याची संधी असते. खांबांमधून लाथेनं चेंडू मारला तर ३ गुण.

या खेळात माणसं खूप लागतात. मोठ्या संघात चढाई करणारे ११ वेगळे, बचाव करणारे ११ वेगळे आणि प्रत्येकामागं राखीव खेळाडू बसलेले असतात. माणसं कमी असली की तीच पोरं पुन्हा पुन्हा मार खातात. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचे पाय उचलत नाहीत. पुढचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावं.

कॉलेज कुठलं?

ह्यूस्टन शहराच्या वायव्येला, शेतमळ्यांच्या भागात हे कॉलेज आहे. पूर्वी तिथं गुलामांकडून शेती करून घेणारा एक मोठा मळा होता. गुलामगिरी संपल्यावर त्याच जमिनीवर कृष्णवर्णीय मुलांसाठी शेती आणि यंत्रविद्येचं कॉलेज काढलं. १८७८ मध्ये पहिला वर्ग भरला तेव्हा विद्यार्थी होते फक्त आठ. सरकारच्या आधारानं शेतीचं शिक्षण देणाऱ्या अशा कॉलेजांना तिकडं 'लँड ग्रँट' कॉलेज म्हणतात. आपल्याकडची कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर उभी राहिली.

एकेकाळी दबदबा होता

हा संघ पहिल्यापासून हरणारा नव्हता. उलट प्रशिक्षक बिली निक्स यांच्या काळात १९५३, १९५४, १९५८, १९६३ आणि १९६४ अशी पाच वेळा कृष्णवर्णीय कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपदं त्यांनी घेतली. ओटिस टेलर आणि केन ह्यूस्टन हे इथलेच खेळाडू. दोघांनीही पुढं व्यावसायिक फुटबॉल गाजवला.

त्या काळात दक्षिणेतली गोऱ्यांची मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेत नव्हती. त्यामुळं चांगली पोरं प्रेअरी व्ह्यूसारख्या कॉलेजात यायची. टेक्सास विद्यापीठाचा १९६९ चा विजेता संघसुद्धा सगळा गोराच होता. पुढं दारं उघडली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की मोठी मैदानं, मोठा पैसा आणि टीव्ही असलेल्या विद्यापीठांनी सगळी चांगली पोरं उचलली. लहान कॉलेजांच्या वाट्याला उरलेली आली. १९७६ नंतर प्रेअरी व्ह्यूचा एकही हंगाम फायद्यात गेला नाही, म्हणजे पराभवांपेक्षा विजय जास्त, असं झालं नाही.

१९८९-९० : पैशाचा घोळ, संघ बंद

२८ ऑक्टोबर १९८९ ला पँथर्सनी एक सामना जिंकला. पुढचा विजय बघायला नऊ वर्षं लागणार, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याच सुमारास खेळ विभागाच्या हिशेबात गडबड सापडली. सैन्यातून लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झालेले ज्युलियस बेक्टन तेव्हा नुकतेच कॉलेजचे अध्यक्ष झाले होते. १९९० चा फुटबॉल हंगाम रद्द झाला. घोळ हिशेबात झाला आणि घरी बसावं लागलं पोरांना.

१९९१ : सगळ्यात वाईट हंगाम

१९९१ ला संघ परत सुरू झाला, पण एका अटीवर. खेळाडूंना शिष्यवृत्ती नाही.

ही अट किती जड होती ते समजून घ्या. अमेरिकेत चांगल्या खेळाडूला कॉलेज फी, राहणं, जेवण सगळं माफ करून बोलावून घेतात. या पातळीवरच्या संघाला साठहून अधिक खेळाडूंच्या शिष्यवृत्तीची परवानगी असते. प्रेअरी व्ह्यूकडे त्यातली एकही नव्हती. ज्याला फुकट शिकायची सोय दुसरीकडे मिळते, तो इथं पदरचे पैसे भरून कशाला येईल? कॉलेजात आधीच शिकत असलेल्या, हौसेनं आलेल्या पोरांतून संघ उभा करावा लागला. समोर मात्र ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट, सदर्न असे तयारीचे संघ.

निकाल व्हायचा तोच झाला. ११ सामने, ११ पराभव. समोरच्यांनी मिळून ६१७ गुण केले, पँथर्सनी ४८. सरासरी काढली तर प्रत्येक सामना साधारण ५६-४ असा.

१९९२ ते १९९७ : विक्रम नको तो

पुढची वर्षं अशीच गेली. हंगाम सुरू व्हायचा, हंगाम संपायचा, विजयाच्या रकान्यात शून्य. अमेरिकेच्या वरच्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सलग ४४ पराभवांचा विक्रम कोलंबिया विद्यापीठाच्या नावावर होता (१९८३ ते १९८८). तो मागं पडला. सगळ्या दर्जांत मिळून मॅकॅलेस्टर कॉलेजचे ५० पराभव होते (१९७४ ते १९८०). तेही मागं पडले. मग देशभरच्या वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला या संघाची आठवण झाली. एरवी ज्यांनी कॉलेजचं नाव ऐकलं नव्हतं, ते आता आकडा मोजत होते.

पदवीचा अभ्यास चार वर्षांचा. १९९१ ला आलेला खेळाडू १९९४ ला बाहेर पडला, १९९४ ला आलेला १९९७ ला. दोघांनीही कॉलेजात असताना एकही विजय पाहिला नाही. तरी सरावाला पोरं येत होती. बक्षीस नव्हतं, फी माफ नव्हती, कौतुक तर नव्हतंच. हरण्याची लाज म्हणाल तर ती दर शनिवारी सगळ्यांसमोर होती.

संघ कायमचा बंद करणं तसं सोपं होतं. एकदा बंद करून झालाच होता. पण सदर्न, ग्रॅम्बलिंग, टेक्सास सदर्न यांच्याशी होणारे सामने म्हणजे त्या भागातल्या कृष्णवर्णीय समाजाची जत्राच असते. जुने विद्यार्थी, घरची मंडळी, गाववाले सगळे एकत्र येतात. संघ नसता तर ते येणंच थांबलं असतं.

लोक यायचे बँडसाठी

मैदान रिकामं न पडण्याचं आणखी एक कारण होतं, कॉलेजचा बँड 'मार्चिंग स्टॉर्म'. कृष्णवर्णीय कॉलेजांत मध्यंतराचा बँड हा सामन्याइतकाच मानाचा असतो. संघ हरला तरी बँडनं मैदान मारलं, असं समाधान घेऊन लोक घरी जायचे.

पण १९ सप्टेंबर १९९८ ला टेक्सासमधल्या बोमाँट शहरात सदर्नविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला दोन्ही बँडची मैदानातच हाणामारी झाली. दोन्ही बँडवर दोन-दोन सामन्यांची बंदी आली.

२६ सप्टेंबर १९९८ : अखेर जिंकले

पुढचा सामना ओक्लाहोमा राज्यात, लँगस्टन विद्यापीठाशी. लँगस्टन हेही कृष्णवर्णीयांचं कॉलेज, खालच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळणारं. पँथर्सचे प्रशिक्षक होते ग्रेग जॉनसन. सामना अगदी अटीतटीचा झाला आणि पँथर्स १४-१२ असे जिंकले. फरक फक्त दोन गुणांचा. ८० पराभवांची मालिका तिथं तुटली.

गंमत बघा, इतकी वर्षं हरणाऱ्या संघापाठी वाजत राहिलेला बँड विजयाच्या दिवशी बंदीमुळं मैदानात नव्हता.

पुढं काय झालं?

एका विजयानं सगळं पालटलं असं नाही. नंतरही बरीच वर्षं पराभवच जास्त होते. २००४ मध्ये हेन्री फ्रेझियर (तिसरे) प्रशिक्षक म्हणून आले आणि गाडी हळूहळू रुळावर आली.

- २००७ : १९७६ नंतर पहिल्यांदा फायद्याचा हंगाम
- २००९ : अलाबामा ए अँड एमला ३०-२४ असं हरवून गटाचं विजेतेपद. असं विजेतेपद १९६४ नंतर पहिलंच
- २०१६ : कॉलेजच्या आवारात १५ हजार प्रेक्षकांचं नवं मैदान

पोरं कमी पडली होती का?

आकडे बघून वाटतं, पोरांत दम नव्हता. पण क्रम नीट लावला तर चित्र वेगळं दिसतं. आधी चांगले खेळाडू मोठ्या विद्यापीठांकडे गेले. मग कार्यालयात हिशेब बिघडला. त्यापायी शिष्यवृत्ती गेली, आणि शिष्यवृत्ती गेल्यावर विजय गेले. मैदानावर दिसलेला पराभव हा त्या साखळीतला शेवटचा दुवा. तो भोगला मात्र अशा पोरांनी, ज्यांचा त्या घोळाशी काडीचा संबंध नव्हता.

संघ एक वर्ष बंद झाला, पण कायमचा मोडला नाही. म्हणूनच १९९८ ला जिंकायला आणि २००९ ला चषक उचलायला तो शिल्लक होता. सलग ८० पराभवांचा विक्रम आजही प्रेअरी व्ह्यूच्याच नावावर आहे.