फडकं, फोम आणि नानांचा डबा

परवा आत्याचा फोन आला, "ब्लॉगवर बरेच दिवसांत काही लिहिलं नाहीस!" तिला म्हटलं, लिहिण्यासारखं काही घडतच नाही गं. पण ते खरं नव्हतं. घडलं होतं, फक्त सांगायची लाज वाटत होती. आता सांगूनच टाकतो.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गाडीला वॅक्स लावायला बसलो. गाडी काळी, घेऊन आठ महिने झालेले. वॅक्स लावायचं फोमचं पॅड डिकीत पडलेलं होतं, मागच्या वेळी वापरून तसंच टाकलेलं. दोनदा झटकलं, वॅक्स घेतलं आणि फिरवलं बॉनेटवर गोल गोल. काम झालं, मी खूश. दुपारी ऊन तिरकं आलं आणि बघतो तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा!

नाना (माझे वडील, वय ८१) काठी टेकत खाली आले. बॉनेटवर तळहात फिरवला. "काय वापरलंस?"

"फोम आहे नाना. तुमच्या फडक्यापेक्षा कितीतरी मऊ."

"मऊ असेल रे. पण ठेवलं कुठे होतंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो, आणि एका पॅडमागे केवढा इतिहास आहे ते कळलं.

सुरुवातीच्या मोटारींना रंग द्यायचे तो घोडागाडीसारखाच, वार्निशाचे थरावर थर. वाळायला आठवडे लागायचे. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून केलेला 'ड्युको' नावाचा रंग आणला. हो, तोच ड्युको! आपले सुतार आजही 'ड्युको मारू का?' असं विचारतात, ते नाव तिथून आलं. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्या या रंगात निघाल्या. रंग काही तासांत वाळायला लागला आणि कारखान्यांचा वेग वाढला. पण या रंगाची एक खोड होती. तो आपला आपण चमकत नसे, घासून चमकवावा लागे, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा फिका पडे. मग रबिंग करा, वरचा मेलेला थर काढा, वॅक्स लावा. रंगाचा थर जाड, त्यामुळे फडक्याने चार ओरखडे पडले तरी पुढच्या घासण्यात निघून जायचे.

त्या वॅक्सचीही गोष्ट मजेची आहे. उत्तम वॅक्स येतं ते ईशान्य ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा थर धरतं. पानं वाळवून, झोडपून ते मेण काढतात. १९३५ मध्ये जॉन्सन वॅक्स कंपनीचे मालक एच. एफ. जॉन्सन (धाकटे) हे झाड शोधायला विस्कॉन्सिनहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने थेट ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत गेले होते! हे मेण वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फोम. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं. त्यांना फोम करायचाच नव्हता. पण मिश्रणात पाण्याचा अंश गेला की कार्बन डायऑक्साइड सुटायचा आणि माल ढोकळ्यासारखा फुगायचा. नकली चीज म्हणून फार तर खपेल, अशी त्याची थट्टा झाली असं सांगतात. पुढे १९५० च्या दशकात त्याच बुडबुड्यांच्या गाद्या आणि मोटारींच्या सीटा झाल्या.

हा फोम सीटवरून बॉनेटवर कसा आला? तर रंग बदलला म्हणून. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक 'क्लिअर कोट' देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. चकाकतो सुंदर, पण त्यावरचा प्रत्येक ओरखडा उन्हात उठून दिसतो, गडद रंगावर तर जास्तच. लोकरीचे पॅड आणि जाडी फडकी त्याला सोसेनात, तसा फोम पुढे आला.

म्हणजे हत्यार मऊ झालं, पण ज्याच्यावर चालवायचं ते नाजूक झालं. आणि धूळ तीच राहिली! आपल्या रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. फडकं झटकलं तर धूळ बरीचशी उडते. फोममध्ये हजारो छिद्रं, कण आत जाऊन बसतो आणि झटकून निघत नाही. वर वाळलेल्या वॅक्सने त्याला चिकटवून ठेवलं की झाला पॉलिश पेपर तयार. मी त्या दिवशी गाडीला तोच घासला होता.

दुसऱ्या दिवशी नानांनी माळ्यावरून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढायला लावला. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचा डबा. गाडी १९९८ मध्ये विकली, डबा राहिला. आत फ्लॅनेलची तीन पिवळी फडकी, प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल धूळ पुसायचं, निळं वॅक्स लावायचं, पांढरं चमकवायचं. दर रविवारी काम झालं की ती धुऊन, वाळवून, घडी करून डब्यात. आम्ही भावंडं हसायचो, "नानांचं सोवळं!" डब्यात जुन्या सीटच्या फोमचा एक तुकडाही होता. हात लावला तर त्याचा भुगा झाला. उजेड, हवा, दमटपणा यांनी हा फोम कुजतो. संग्रहालयांत १९६० च्या दशकातल्या खुर्च्या जपणाऱ्यांचीही हीच डोकेदुखी आहे. फडकी मात्र तशीच मऊ होती.

मग मीही सोवळं सुरू केलंय :-)

काम संपलं की पॅड लगेच धुवायचं, वॅक्स वाळायच्या आत. कार्नोबा ८० अंशांवर वितळतं, तेव्हा कोमट पाण्याने एकदा वाळलेलं वॅक्स वितळणार नाही, आणि उकळतं पाणी फोमलाच मारक. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून पॅड भिजवायचं आणि तळहातांत दाबायचं. पिळायचं नाही, फोम फाटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचं, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं, सावलीत उभं करून वाळवायचं. पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी चालेल, पण ओलं पॅड डब्यात गेलं की बुरशी ठरलेली. वॅक्सचं पॅड वेगळं, पॉलिशचं वेगळं, प्रत्येक आपापल्या झाकणाच्या डब्यात. डिकीत नाही, तिथे धूळही आणि उन्हाचा तावही. जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. आणि फोम कडक झाला, कडा सुटायला लागल्या, की माया न करता टाकून द्यायचं.

बॉनेटच्या रेघांचं काय झालं? पॉलिशवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, काढतो, पण दर वेळी थर थोडा कापला जाणार, आणि थर काही परत येत नाही. अर्ध्या काढल्या, अर्ध्या ठेवल्या. नानांच्या काळी जाड रंग अशा चुका पोटात घालायचा. तरीही ते फडकी धूत होते, याचं मला आता जास्त नवल वाटतं.

नानांनी डबा मला देऊन टाकला. पॅडच्या पिशव्यांना मी लाल-निळे दोरे बांधलेत. मुलगा बघून हसला. हसू दे.

तुमच्या घरी होता का असा एखादा डबा? आणि त्यात काय काय असायचं? नक्की लिहा. आत्या, तू सुद्धा!