रामशेजची टेकडी आणि कुस्तुंतुनियाचा तट



नाशिकहून पेठेकडे येणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. नाशिक सोडून दहा-पंधरा किलोमीटर आले, की आशेवाडी गावाच्या माथ्यावर एक डोंगर दिसतो. तो फार उंच नाही, त्याला घनदाट रानाचा आडोसा नाही, आणि साल्हेर-मुल्हेरसारखा त्याचा दराराही वाटत नाही. श्रीरामचंद्रांनी येथे शय्या केली अशी लोकांची श्रद्धा, म्हणून त्याचे नाव रामशेज. रस्त्यावरची गाडी त्याच्याकडे न पाहताच पुढे निघून सावळघाटाला लागते. आज आम्ही आपणांस या दुर्लक्षित डोंगराविषयी थोडे सांगणार आहोत. पण त्यासाठी प्रथम फार दूर, काळ्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या एका महानगराकडे जावे लागणार आहे.

ही वाकडी वाट का, ते सांगतो. आजची मुले संगणकाच्या पडद्यावर वेढ्यांचे आणि लढायांचे डाव खेळतात. त्यांत बायझन्टाइन सम्राटांचे घराणे आणि त्यांची राजधानी कुस्तुंतुनिया हा एक आवडीचा डाव आहे. मुलगा सम्राट होतो, तट दुरुस्त करतो, तोफा आणतो, आणि इतिहासात पडलेले शहर पडद्यावर वाचवून दाखवतो. या खेळाला आम्ही नावे ठेवणार नाही. बुद्धिबळात किल्लेकोट करून राजाला जपणारे आपण तरी दुसरे काय करीत होतो? पण असा डाव जिंकलेल्या मुलाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. जगातील सर्वांत बळकट तट ५३ दिवसांत पडला, आणि आपल्या रस्त्याकडेची एक टेकडी पाच वर्षांहून अधिक काळ झुंजत राहिली, हे कसे?

आधी त्या तटाची हकीकत पाहू. कुस्तुंतुनियाच्या जमिनीकडील बाजूस इसवी सनाच्या पाचव्या शतकात बांधलेली तिहेरी संरक्षणरेषा होती: बाहेर खंदक, मग एक तट आणि त्यामागे त्याहून उंच दुसरा तट. हजार वर्षांत अनेकांनी त्यावर डोके आपटले. १२६१ साली मायकेल पॅलिओलोगस याने हे शहर लॅटिन लोकांकडून परत मिळवले, आणि तेव्हापासून शेवटपर्यंत पॅलिओलोगस घराण्याने तेथे राज्य केले. शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याच घराण्यातला. तो शूर होता, सरळ होता, आणि शत्रूनेसुद्धा त्याच्या धैर्याविषयी शंका घेतली नाही.

पण ज्या साम्राज्याचा तो सम्राट होता ते उरले होते कोठे? शहराभोवतीची खेडी गेली होती, शेते गेली होती, बंदराचा बराचसा महसूल समोरच्या गलाटा वसाहतीतील जिनोआच्या व्यापाऱ्यांकडे जात होता. दक्षिणेकडे मोरिआचा प्रांत तेवढा घराण्याच्या हाती होता, आणि तेथे सम्राटाचे दोन भाऊ, थॉमस व दिमित्रिओस, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. यांतील दिमित्रिओस तर असा, की ११ वर्षांपूर्वी, १४४२ साली, त्याने तुर्कांची फौज बरोबर घेऊन याच शहरावर, आपल्या सख्ख्या भावाच्या राजधानीवर, चाल केली होती. आपल्या मराठी माणसाला भाऊबंदकी नवी नाही. पण हिचा सोस आपल्याच देशाला आहे असे मानण्याचे कारण नाही, एवढे यावरून दिसते.

ऑर्बान नावाचा हंगेरीचा एक तोफा ओतणारा कारागीर प्रथम या सम्राटाकडेच आला होता. त्याला द्यायला खजिन्यात पैसे नव्हते. तो सुलतान दुसरा महंमद याच्याकडे गेला, आणि ज्या तोफेने कुस्तुंतुनियाचा तट फोडला ती त्याने तेथे ओतली. एदिर्नेहून ती ओढून आणण्यास साठ बैल लागले असे सांगतात. वेढा पडला तेव्हा सम्राटाने आपला विश्वासू कारभारी स्फ्रान्झेस याला शहरातील लढण्याजोग्या माणसांची मोजदाद करावयास सांगितले. आकडा जेमतेम पाच हजारांच्या घरात भरला. सम्राटाने तो गुप्त ठेवण्यास सांगितले. परदेशी मदतनीस धरून सारे मिळून सात हजार, आणि तट मैलोन् मैल लांब!

६ एप्रिल १४५३ रोजी वेढा सुरू झाला. दिवसा तोफ तट पाडी आणि रात्री शहरातले लोक लाकडे, माती भरलेली पिंपे, हाताला येईल ते रचून खिंडार बुजवीत. समुद्राच्या खाडीच्या तोंडाशी लोखंडी साखळी बांधलेली होती. सुलतानाने २२ एप्रिल रोजी आपली जहाजे टेकडीवरून ओंडक्यांवर घसरत नेऊन साखळीच्या आत उतरवली. २९ मेच्या पहाटे शेवटचा हल्ला झाला. जिनोआचा सरदार जुस्तिनियानी जखमी होऊन मागे फिरला, रांग मोडली, आणि कॉन्स्टंटाइन तटापाशी लढत पडला. मोरिआतून कोणी आले नाही, कारण सुलतानाने आदल्याच शरदात तेथे फौज पाठवून भावांना अडकवून ठेवले होते. पुढे ते दोघे आपसांत लढले आणि १४६० साली मोरिआही गेले.

आता आपल्या डोंगराकडे परत येऊ.

१६८१ च्या अखेरीस औरंगजेब बऱ्हाणपुरास उतरला आणि १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबादेस आला. मराठ्यांचे किल्ले एकामागून एक घ्यावयाचे हा त्याचा बेत. त्याने पहिली नजर ज्या किल्ल्यांवर टाकली त्यांत रामशेज होता. किल्ला लहान, उंची बेताची; दोन-चार दिवसांचे काम असा हिशेब असावा. कामगिरी दिली ती शहाबुद्दीनखानाला. हाच पुढे गाजीउद्दीन फिरोजजंग म्हणून प्रसिद्धीस आला, आणि हैदराबादच्या पहिल्या निजामाचा तो बाप. म्हणजे पाठवलेला माणूस सामान्य नव्हता.

पुढची हकीकत मोगलांच्या पदरी वाढलेल्या खाफीखानाने लिहून ठेवली आहे. शत्रूने केलेली स्तुती म्हणून तिचे मोल अधिक. त्याच्या सांगण्याप्रमाणे गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. गडकऱ्यांनी झाडांची खोडे पोखरली, ती कातड्याने मढवली आणि त्या लाकडी तोफांतून मारा चालू केला. एक तोफ दहा तोफांचे काम करी असे तो म्हणतो. शहाबुद्दीनखानाने सुरुंग लावले, मोर्चे पुढे सरकवले, आणि गडाच्या उंचीला भिडेल असा लाकडाचा प्रचंड दमदमा उभा केला. गड हाती आला नाही. संभाजीराजांची कुमक बाहेरून मोगलांवर तुटून पडत होती. शेवटी शहाबुद्दीनखानाला परत बोलावून खानजहान बहादूर कोकलताश याला पाठवण्यात आले.

खानजहानाने युक्ती लढवली. एका बाजूस बाजारबुणगे आणि नोकरचाकर गोळा करून मोठा गोंगाट करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसे गुपचूप कड्यावर चढवावयाची. किल्लेदाराने ते ओळखले. त्याने गोंगाटाच्या बाजूस नगारे, शिंगे वाजवून आपणही तिकडेच गुंतलो आहोत असे भासवले आणि खरी माणसे दुसऱ्या बाजूस निमूट बसवली. पहिले दोन मोगल कड्यावरून डोके वर काढतात तोच त्यांच्या डोक्यांत तडाखे बसले. ते खाली कोसळले आणि मागच्यांना घेऊन गेले.

मग छावणीतल्या एकाने आपल्याला भुतेखेते वश आहेत असे सांगून सोन्याचा नाग करवून घेतला. तो हातात धरून हा मांत्रिक फौजेच्या पुढे निघाला. गडावरून गोफणीचा एक धोंडा आला, मांत्रिकाच्या छातीत बसला, आणि नाग एकीकडे व तो दुसरीकडे पडला. खानजहानाने जाताना तो लाकडी दमदमा जाळून टाकला. त्याच्यानंतरही सरदार बदलले, वेढा कधी सैल पडला, कधी आवळला. पण गड उभा राहिला.

येथे कोणी म्हणेल, की ही तुलनाच बरोबर नाही. कुस्तुंतुनियावर सुलतान स्वतः सारी ताकद घेऊन आला होता. रामशेजवर बादशहाने सारी फौज लोटली नव्हती. शहरात बायकामुले होती; गडावर निवडक शिबंदी. तोफांतही फरक होता. हे सारे आम्हांस मान्य आहे. रामशेजचा किल्लेदार कॉन्स्टंटाइनपेक्षा शूर होता असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की कॉन्स्टंटाइनच्या तटामागे मुलूख नव्हता, आणि रामशेजच्या टेकडीमागे तो होता.

हा मुलूख म्हणजे काय, ते पेठेच्या श्रोत्यांना सांगावयास नको. रामशेजच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार, घाट उतरला की पेठ-हरसूल, आणि त्यापुढे धरमपूर, म्हणजे त्या काळचे रामनगर, आणि समुद्र. १६७० साली शिवाजी महाराज सुरतेहून परतले ते उत्तरेकडून, बागलाणातून आले, आणि वणी-दिंडोरीपाशी मोगलांना तोंडावर झुंजवून पुढे गेले. १६७२ साली जव्हार आणि रामनगर मराठ्यांच्या ताब्यात आले. रामशेजवर पहारा देणारा शिपाई पश्चिमेकडे पाही, तेव्हा त्याला शत्रूचा नव्हे, आपल्या लोकांचा प्रदेश दिसे. गडाला कुमक येण्याचा भरवसा होता, कारण ती येण्यास वाट होती आणि पाठवण्यास राजा होता. असा भरवसा असला की लाकडाची तोफही चालते. तो नसला की तिहेरी तटामागचा माणूसही मनात दिवस मोजू लागतो. सम्राटाला आपल्या माणसांचा आकडा लपवून ठेवावा लागला, यातच सारे आले.

आमचे म्हणणे खरे की खोटे याची कसोटी रामशेजच्या शेवटात आहे, आणि तो शेवट आपल्याला आवडणारा नाही. १६८७ च्या सुमारास रामशेज मोगलांकडे गेला. तो सुरुंगाने गेला नाही, दमदम्याने नाही, मंत्राने तर नाहीच. जुना किल्लेदार बदलला होता, आणि नव्याने पैसे घेऊन गड दिला. साल्हेरही याच काळात याच वाटेने गेला. व्याख्यानांतून रामशेजची गोष्ट सांगताना लाकडी तोफांपाशी टाळ्या घेऊन थांबण्याची आपली सवय आहे. ही सवय आपण सोडली पाहिजे. अर्धी गोष्ट सांगून अभिमान वाढेल, पण शहाणपण वाढणार नाही.

हा धोका शिवाजी महाराजांनी पुरता ओळखला होता. म्हणूनच त्यांनी गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी नेमून एकाच्या मर्जीवर गड जाऊ नये अशी व्यवस्था केली. मग ती व्यवस्था रामशेजवर का कमी पडली? काळाकडे पाहा. १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडले, १६८७ च्या सप्टेंबरात गोवळकोंडा. दोन मोठी राज्ये गिळून बादशहाची सारी फौज मोकळी झाली. मराठी राज्यावर चारी बाजूंनी ओझे आले. कुमक पूर्वीसारखी येईल का, ही शंका गडागडावर शिरली असल्यास नवल नाही. पैशाची थैली अशाच वेळी गडाची पायरी चढते. जो भरवसा लाकडाच्या तोफेला पुरला होता तो ढळला, तेव्हा दरवाजा आतून उघडला. किल्लेदाराचा दोष यामुळे कमी होत नाही. पण दोष एकट्या माणसाच्या माथी मारून आपण मोकळे झालो, तर या इतिहासातून काहीच घेतले नाही असे होईल. गड राखणे हे जसे गडावरच्यांचे काम, तसे त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे खालच्यांचे काम.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही थांबतो. कॉन्स्टंटाइनचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच्या नावाने ग्रीक लोकांत कथा आहेत, आणि पडद्यावरच्या खेळांत मुले त्याच्या जागी बसतात. मोगलांच्या दोन नामांकित सरदारांना परतवणाऱ्या किल्लेदाराची सावधगिरी आणि अनुभव खाफीखानाने मनापासून वाखाणला, पण त्याचे नाव लिहिले नाही. खोडे पोखरणाऱ्यांचे, कातडी कमावणाऱ्यांचे, गोफण फिरवणाऱ्याचे तर नाहीच. ही माणसे राजघराण्यातली नव्हती. ती आपल्या-तुपल्यासारख्यांच्या घरांतली होती.

म्हणून आमची विनंती एवढीच, की पुढच्या खेपेस नाशिकहून येताना आशेवाडीशी उतरा. घरातल्या मुलांना बरोबर घ्या. चढण कठीण नाही, तासाभरात माथा येतो. वर रामाचे मंदिर आहे, पाण्याची टाकी आहेत. मुलांना खाफीखानाची हकीकत सांगा, शेवटासह सांगा. आणि मग पश्चिमेकडे, पेठेच्या डोंगरांकडे, त्यांचे तोंड करून विचारा, की या गडाच्या पाठीशी कोण उभे होते.