कातडी कठीण करणारा आजार आणि मज्जेची नवी पेरणी

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव बहुतेकांना केदारेश्वराच्या मंदिरामुळे माहीत असते. इतिहासाच्या शिक्षकांना ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनी येथील टेकाडाचे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्त्यांचे थर उजेडात आणले. या गावी शिक्षकांशी बोलण्याचा योग आला तेव्हा आमचा विषय रक्तपेशी हा होता. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यामुळे लाल पेशी, अस्थिमज्जा, वाहक हे शब्द येथील शिक्षकांना नवे नाहीत.

बोलता बोलता स्क्लेरोडर्मा या आजाराचा उल्लेख झाला. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, पुढे त्यालाच परत देतात, असे आम्ही सांगितले. मागच्या बाकावरून एका गुरुजींनी लगेच विचारले, "बियाणे त्याच शेतातले, शेतही तेच. मग तोच रोग पुन्हा येणार नाही का?" प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना जवळजवळ अर्धे शतक लागले. त्या शोधाची ही हकिकत.

आजाराची ओळख

१७५३ साली इटलीतील नेपल्सच्या कार्लो कुर्झिओ या वैद्याने एका १७ वर्षांच्या मुलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची कातडी इतकी ताठ झाली होती की तोंड उघडणे व मान वळवणे कठीण व्हावे. कोमट दुधाची अंघोळ, रक्त काढणे, पारा असे उपचार झाले आणि ती बरी झाली, असे तो लिहितो. तिचा आजार नेमका हाच होता का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १८४७ मध्ये फ्रान्समधील जिंत्राक याने आजाराला 'स्क्लेरोडर्मी', म्हणजे कठीण कातडी, हे नाव वापरले. १८६२ मध्ये मोरिस रेनो याने थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याच्या लक्षणाचे वर्णन केले. ते लक्षण या आजारात बहुधा सर्वांत आधी दिसते.

त्या काळी हा कातडीचाच रोग समजला जाई. पण आतडी, फुप्फुसे, हृदय व मूत्रपिंडेही त्यात कठीण होतात, हे हळूहळू लक्षात आले. म्हणून १९४५ मध्ये रॉबर्ट गेट्झ याने 'सर्वांगात वाढत जाणारे काठिण्य' अशा अर्थाचे नाव सुचवले. प्रसिद्ध चित्रकार पॉल क्ले १९४० मध्ये वारला, तो याच आजाराने, असे पुढे त्याच्या लक्षणांवरून अनुमान काढण्यात आले.

आजार होतो कसा? आपल्या शरीराची प्रतिकारसंस्था परक्या जंतूंना ओळखते आणि आपल्या पेशींना सोडून देते. स्वयंप्रतिकार विकारांत ही ओळख बिघडते. स्क्लेरोडर्मात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, प्रतिकारपेशी तेथे जमतात आणि त्यांच्या संदेशांमुळे तंतुजनक पेशी कोलॅजन हे प्रथिन वाजवीपेक्षा फार जास्त बनवू लागतात. जखमेवर व्रण धरावा तसे अंगभर होत राहते. फुप्फुसांत हेच झाले की श्वास पुरत नाही. रोगाचे तीव्र, वेगाने पसरणारे रूप जीवघेणे असते.

मज्जेचा शोध

दुसरा धागा अगदी वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकीवर बाँब पडले. स्फोटातून वाचलेली माणसेही किरणोत्सर्गामुळे काही आठवड्यांत दगावू लागली, कारण त्यांच्या अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होईनात. यावर उपाय शोधताना १९४९ मध्ये अमेरिकेतील लिऑन जेकबसन यांना एक गोष्ट दिसली. उंदराची प्लीहा शिशाने झाकली, तर प्राणघातक किरणांतूनही तो वाचतो. पुढे लोरेन्झ यांनी निरोगी मज्जा टोचूनही उंदीर वाचवले. हा गुण एखाद्या स्रावाचा की पेशींचा, हा वाद काही वर्षे चालला आणि पेशींच्या बाजूने मिटला. १९६१ मध्ये टोरांटोचे टिल आणि मॅकलक यांनी मज्जा दिलेल्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी मोजल्या. यातील प्रत्येक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली होती, हे त्यांच्या गटाने पुढे दाखवले. अनेक प्रकारच्या रक्तपेशींना जन्म देणारी ही मूळची पेशी म्हणजे रक्ताची मूलपेशी.

माणसांत हे काम डॉनल थॉमस यांनी १९५७ पासून नेटाने केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. दात्याची मज्जा परकी ठरत होती. झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये ऊतींच्या ओळखखुणांचा शोध लावल्यावर जुळणारा दाता निवडता येऊ लागला. थॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

थॉमस यांच्या सिअॅटल येथील केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली ९ वर्षांची मुलगी, आणि मज्जा होती तिच्या भावंडाची. डॉ. अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला. त्यांनी आपले सारे काम चाकाच्या खुर्चीतून केले. हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

दोन धागे एकत्र

कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांना आधीपासून संधिवातासारखे स्वयंप्रतिकार विकारही होते. प्रत्यारोपणानंतर तेही शमले. डिर्क फान बेकुम यांनी १९८० च्या दशकात सांधे सुजलेल्या उंदरांवर प्रयोग केले. त्यांना प्राण्याची स्वतःची मज्जा परत दिली तरी आजार हटतो, असे आढळले. गुरुजींच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले उत्तर. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे अॅलन टिंडल, ग्राटवोल व सहकाऱ्यांनी याच गटातील आजाराच्या एका रुग्णावर स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण केल्याचे प्रसिद्ध केले.

पद्धत अशी. प्रथम औषधे देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात आणतात, यंत्राने वेगळ्या करतात आणि द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून ठेवतात. मग सायक्लोफॉस्फामाइडचा मोठा डोस, टी पेशींचा नाश करणारे प्रतिद्रव्य आणि काही केंद्रांत किरणोत्सर्ग वापरून जुन्या प्रतिकारपेशी जवळजवळ पुसून टाकतात. शेवटी राखून ठेवलेल्या मूलपेशी शिरेतून परत देतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर बियाणे राखून ठेवले, तणाने भरलेले शेत साफ केले आणि पुन्हा पेरले.

मग तेच तण का उगवत नाही? याचे कारण असे की बिघाड मुख्यतः मूलपेशीत नसतो. तो अनुभवाने 'चुकीचे शिकलेल्या' प्रौढ टी व बी पेशींत असतो. नव्या पेशी थायमस ग्रंथीत पहिल्यापासून शिकतात. जुळ्यांचा अभ्यासही हेच सुचवतो. स्क्लेरोडर्मात एका जुळ्याला आजार असताना दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण फक्त ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. अगदी एकसारख्या जुळ्यांतही ते फारसे वेगळे नव्हते. म्हणजे जनुके कल देतात, पण आजार आयुष्यात घडतो. काही रुग्णांत तो परततोही. शेत तेच आहे, ही गुरुजींची शंका तेवढ्यापुरती खरी आहे.

सिकलसेलमध्ये मात्र हे चालणार नाही. तेथे चूक हिमोग्लोबिनच्या जनुकात, म्हणजे बियाण्यातच असते. म्हणून तेथे दुसऱ्याची मज्जा लागते. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. अलीकडे, २०२३ पासून, रुग्णाच्याच मूलपेशींच्या जनुकांत प्रयोगशाळेत बदल करून त्या परत देण्याच्या उपचाराला काही देशांत मान्यता मिळाली. हे म्हणजे बियाणेच सुधारून पेरणे.

किंमत किती?

उपचार गुणकारी आहे हे एका रुग्णावरून ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. शिकागोच्या रिचर्ड बर्ट यांनी २०११ मध्ये १९ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. प्रत्यारोपण झालेले दहाही सुधारले, तर नुसते औषध घेतलेल्या ९ पैकी एकही नाही. युरोपातील १५६ रुग्णांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत असे आहेत. पहिल्या वर्षात प्रत्यारोपणाच्या गटात मृत्यू किंवा अवयव कायमचा निकामी होण्याच्या १३ घटना घडल्या, तर औषधाच्या गटात ८. त्या १३ पैकी ८ घटना म्हणजे उपचारामुळेच झालेले मृत्यू होते. पुढच्या वर्षांत मात्र पारडे फिरले आणि प्रत्यारोपण झालेले रुग्ण अधिक संख्येने जगले. २०१८ मध्ये अमेरिकेतील ७५ रुग्णांच्या चाचणीत, ठरलेले उपचार प्रत्यक्ष घेतलेल्यांपैकी ५४ महिन्यांनंतर मृत्यू किंवा अवयव निकामी होणे टळलेल्यांचे प्रमाण ७९ विरुद्ध ५० टक्के होते.

येथे गणित आणि माणूस समोरासमोर येतात. आज काही शक्यता मरणाची पत्करून उद्याचे आयुष्य मिळवायचे का? हृदय आधीच दुबळे झाले असेल, तर धोका फार वाढतो. युरोपातील चाचणीत उपचारामुळे दगावलेल्यांपैकी बहुतेक जण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले होते. म्हणून आता आजार वेगाने वाढणारा, पण अवयव अजून सावरण्याजोगे, अशा निवडक रुग्णांनाच अनुभवी केंद्रात हा उपचार सुचवला जातो. औषधांनी भागत असेल तर औषधेच दिली जातात.

दरम्यान आणखी नवी वाट निघाली आहे. रुग्णाच्या टी पेशींना जनुकीय बदलाने बी पेशी शोधून मारायला शिकवणारा कार-टी उपचार जर्मनीतील एर्लांगेन येथे अशा विकारांत वापरून पाहिला गेला, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ रुग्णांत स्क्लेरोडर्माचेही काही होते. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या भारतातील पहिल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. स्वयंप्रतिकार विकारांसाठी चाचण्यांचा लांबचा रस्ता अजून चालायचा आहे.

शिक्षकांसाठी एक सूचना

'स्टेम सेल' हे शब्द आज जाहिरातींतही दिसतात. गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सर्वांवर इलाज, असे सांगितले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या मूलपेशींचे ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर हा संशोधनाचा भाग समजावा आणि तो नोंदणी झालेल्या चाचणीतच व्हावा. चाचणीत भाग घेण्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

गावात अशा वेळी सल्ला विचारला जातो तो बहुधा शिक्षकालाच. शेत विकायला निघालेल्या पालकाला तीन प्रश्न विचारायला शिकवावे: कोणत्या पेशी, कोणत्या आजारासाठी, आणि तुलनेचा दुसरा गट होता का? प्रकाशाच्या गुरुजींनी विचारला तो प्रश्नही त्यांच्याच जातीचा होता. उपचार कसा चालतो हे विचारणाऱ्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.