देवघरातील रविवर्मा

आमच्या हैदराबादच्या घरातील देवघरात लक्ष्मीचे एक जुने छापील चित्र आहे. देवी कमळावर उभी आहे आणि मागल्या पाण्यातून हत्ती माळ घेऊन येत आहे. आजीने आयुष्यभर त्यापुढे निरांजन ओवाळले. पुढे कॉलेजात शिकताना ‘ही कला नव्हे, भाबडी नाटकी चित्रे’ असे जाणत्यांचे मत ऐकले, तेव्हा त्या चित्राची आम्हांस थोडी लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते; म्हणून हा प्रपंच.

राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांचे शिक्षण त्यांना रीतसर कोणी दिले नाही. १८६८ साली त्रावणकोर दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने फक्त आपले काम पाहू दिले. त्या पाहण्यावरच त्यांनी विद्या साधली. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राचा गौरव झाला.

मराठी वाचकांनी ध्यानी धरावी अशी एक गोष्ट येथे आहे. त्रावणकोरचे व पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी देशस्थ कुळातले. चित्रांच्या छापील प्रती काढून त्या लोकांपर्यंत पोहोचवाव्यात, ही सूचना त्यांची. सयाजीराव महाराजांसाठी रविवर्म्यांनी रामायण-महाभारतातील चौदा चित्रे काढली. ती मुंबईत मांडली गेली, तेव्हा पाहणारांची रीघ लागली. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांच्या देवींना आपल्याकडील लुगडे नेसविलेले दिसते, तेही या सहवासाचेच फळ.

आमच्या शहराने मात्र त्यांना फारसे काही दिले नाही. १९०२ साली ते बंधू राजा राजवर्मा यांच्यासह येथे आले. प्रख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्यांचे आतिथ्य केले. परंतु निजामाकडून ज्या कामाची आशा होती ती सफळ झाली नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा निवर्तले.

दुसऱ्याच वर्षी आनंद कुमारस्वामी यांनी त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले: कल्पना तोकडी, आविर्भाव रंगभूमीचे, दृष्टी परकी. वकिली पेशामुळे आम्ही प्रतिपक्षाचे म्हणणे टाळीत नाही. पायातील काट्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी त्यांची शकुंतला नाटकातील नायिकेसारखीच उभी आहे, हे मान्य केले पाहिजे. अजिंठ्यातील रेषेचे गांभीर्य तेथे नाही, हेही खरे.

तथापि पुराव्याचा एक कागद या आरोपपत्रास जोडलेला नाही. ज्या त्रावणकोरात हा चित्रकार जन्मला, तेथील सरकारी देवळांची दारे सर्व हिंदूंना उघडली ती १२ नोव्हेंबर १९३६ च्या राजाज्ञेने. तोवर कित्येकांना गाभाऱ्यातील मूर्ती जन्मात दिसली नव्हती. त्यापूर्वी चार दशके मळवली-मुंबईहून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती बाजारात विकत मिळू लागली होती, आणि चित्र विकताना दुकानदाराला गिऱ्हाइकाची जात विचारण्याचे कारण नव्हते. जिला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, तिच्या झोपडीत देवी स्वतः गेली. हा परिणाम चित्रकाराने योजिला होता असे आम्ही म्हणत नाही; छापखाना हा व्यवहार होता, आणि त्यात त्यांना तोटाच आला. पण परिणाम घडला.

आपण देवळांशी निगडित माणसे. परंपरेने जपलेल्या मूर्तींचा आपणांस अभिमान आहे, तो असावा. परंतु देवदर्शन कोणाला नाकारले गेले, याचा हिशेबही आपल्याच वहीत मांडावयास हवा. सालारजंग संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. तेथे जाऊन त्यांच्या कलेचे गुणदोष खुशाल पाहावेत. आमच्या देवघरातील छापील प्रत मात्र आम्ही उतरविणार नाही. तिची काच आम्ही परवाच नवी बसविली आहे.