अल्बाट्रॉस: लाकूड, कापड, तारा आणि प्लास्टिकचा संच

1914 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन सैन्याकडे टेहळणीसाठी अल्बाट्रॉस बी जातीची दुपंखी विमाने होती. जर्मन पद्धतीत ‘बी’ म्हणजे दोन आसनी, निःशस्त्र विमान. मशीनगन लावलेल्यांना पुढे ‘सी’ हे अक्षर मिळाले. बी विमानांच्या रचनेत विमानरचनाकार अर्न्स्ट हाइनकेलचा हात होता. निरीक्षक पुढे बसे आणि वैमानिक मागे. बंदूक चालवायची वेळ आली तेव्हा ही बैठक अडचणीची ठरली आणि सी विमानांत जागांची अदलाबदल झाली. बी जातीतले बी.टू हे विमान मात्र युद्ध संपेपर्यंत शिकाऊ वैमानिकांच्या कामी आले.

धड लाकडी सांगाड्याचे, वर पातळ प्लायवूड. पंखांवर ताणून रोगण चढवलेले कापड. कुठल्याही सुताराला यातले निम्मे काम ओळखीचे वाटले असते. पंख जागेवर राखायला तारांचे जाळे.

मराठी पलटणींची जर्मन विमानांशी गाठ पडली ती मेसोपोटेमियात. तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती, तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. 1916 मध्ये तुर्कांच्या बाजूने उडणाऱ्या जर्मन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले.

विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडायच्या प्लास्टिकच्या संचांची सुरुवात 1936 मध्ये ब्रिटनच्या ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेने झाली. तिचे प्रमाण 1:72, म्हणजे सहा फुटांना एक इंच. बी.टूचा 12.8 मीटरचा पंखविस्तार या प्रमाणात जेमतेम 18 सेंटिमीटर होतो. 1:32 मध्ये तो 40 सेंटिमीटर भरतो. या मोठ्या मापात पहिल्या महायुद्धाची विमाने नेटाने काढली ती न्यूझीलंडच्या ‘विंगनट विंग्ज’ने. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या या कंपनीचे संच 2009 पासून मिळू लागले; 2020 मध्ये काम बंद पडले.

अस्सल यंत्र जिथे नाजूक, तिथेच संचही छळतो. प्लायवूड दाखवायला आधी फिकट पिवळसर थर देतात, तो वाळला की तपकिरी तैलरंग कोरड्या ब्रशने ओढून लाकडाच्या रेषा उठवतात. सहा सिलिंडरचे मर्सिडीज इंजिन वर उघडे दिसते, त्यामुळे तिथे हातचलाखी चालत नाही. खुणेच्या क्रुसातही अनेकजण फसतात: सुरुवातीचा क्रूस टोकांकडे रुंदावणारा होता, सरळ पट्ट्यांचा 1918 मध्ये आला. शंका आल्यास क्राकूवच्या संग्रहालयातले मूळ बी.टू आणि व्हिएन्नातले बी.वन यांची छायाचित्रे पाहता येतात. तारा सगळ्यांत शेवटी ओवतात, कारण त्या एकदा बसल्या की मधल्या जागेत बोट शिरत नाही.