घरी विचारून सांगतो

तुमच्या फोनचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘इनपुट : १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं काहीसं असेल. या एका ओळीत सव्वाशे वर्षांची भांडणं मिटलेली दिसतात. खरं तर ती मिटलेली नाहीत, चार्जरनं फक्त त्यांना वळसा घातलाय.

वीज नवीन होती तेव्हा एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेत ११० व्होल्टच्या आसपास दिवे पेटवले. १८९९ मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीनं २२० व्होल्टवर जायचं ठरवलं. कारण होतं तांबं. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, म्हणजे त्याच तारांवर जास्त घरं चालतात. युरोप हळूहळू त्याच वाटेनं गेला. जपानची तऱ्हा निराळी. टोकियोनं जर्मनीच्या एईजीकडून ५० हर्ट्झची यंत्रं आणली, ओसाकानं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झची. ती फाळणी आजही कायम आहे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानात विजेचा तुटवडा पडला तेव्हा पश्चिमेची वीज तिकडे न्यायला हर्ट्झ बदलणारी मोजकीच केंद्रं होती. एकाच देशाला स्वतःची वीज स्वतःकडे पोचवता येईना.

आणि आपण? आपल्या भिंतीतलं गोल पिनांचं सॉकेट ब्रिटिशांकडून आलेलं. ब्रिटिशांनी स्वतः १९४७ मध्ये चपट्या पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग प्रमाण ठरवला. त्याच वर्षी ते इथून गेले आणि जुना प्लग आपल्याकडे राहिला. त्यामुळे ज्यांच्याकडून प्लग घेतला त्यांच्याच देशात जाताना आपल्याला ॲडॅप्टर लागतो.

सगळ्या जगाला एकच प्लग असावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगानं १९८६ मध्ये एक नमुना जाहीरही केला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेनं तो थोड्याफार फरकानं घेतला. बाकीच्यांनी बघितलं आणि सोडून दिलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. कोट्यवधी भिंतींमधली सॉकेट उचकटायची कुणासाठी? पर्यटकांसाठी? भिंती बांधल्या गेल्या त्या काळी कोणी उपकरण खिशात घालून फिरत नव्हतं. अमेरिकेला निघालेल्या लेकीसाठी ११० व्होल्टचा मिक्सर शोधत फिरणाऱ्या आईवडिलांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. मिक्सरची मोटर एकाच व्होल्टेजसाठी बनवलेली असते. चार्जर मात्र आलेल्या विजेचं आधी डीसी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडून हवं तेवढं व्होल्टेज काढतो. बाहेर ५० हर्ट्झ आहे की ६०, त्याला फरक पडत नाही.

विजेच्या बाबतीत आधी तारा पडल्या आणि प्रवासी नंतर आला. मोबाईलचा क्रम उलटा आहे, म्हणून मला त्याचा इतिहास जास्त आवडतो.

१९८० च्या दशकात युरोपातही अशाच भिंती बांधायला सुरुवात झाली होती. ब्रिटनची मोबाईल यंत्रणा वेगळी, जर्मनीची वेगळी, फ्रान्सची वेगळी. सीमा ओलांडली की फोन म्हणजे नुसतं वजन. अपवाद उत्तरेकडच्या देशांचा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी १९८१ पासून एनएमटी नावाची सामाईक यंत्रणा चालवली आणि शेजारच्या देशातही फोन चालू शकतो हे दाखवून दिलं. १९८२ मध्ये युरोपच्या टपाल-तार खात्यांच्या संघटनेनं एक समिती नेमली, ग्रूप स्पेस्याल मोबील. जीएसएम ही अक्षरं मूळची तिथली. पाच वर्षं वाद चालला. ७ सप्टेंबर १९८७ ला कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या प्रतिनिधींनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. तेव्हा जीएसएमचा एकही ग्राहक नव्हता आणि उचकटायला एकही भिंत नव्हती. माझ्या मते करार टिकला तो याच कारणानं.

१ जुलै १९९१ ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी रेडिओलिन्या कंपनीच्या नेटवर्कवरून टाम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना पहिला कॉल केला. त्याच वर्षी म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रिएंटनं पहिली सिम कार्डं बनवून त्याच कंपनीला दिली. तेव्हाचं सिम क्रेडिट कार्डाएवढं होतं. फोन बदलला तरी ग्राहक तोच राहतो, ही कल्पना त्या कार्डात होती. १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनच्या व्होडाफोनमध्ये पहिला जीएसएम रोमिंग करार झाला. भारतात ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला, तोपर्यंत पाया तयार होता. आपण उशिरा आलो आणि जीएसएम आयतं घेतलं. विजेसारखं जुनं ओझं गळ्यात पडलं नाही.

आता यंत्रणेच्या आत डोकावू. (मी सॉफ्टवेअरवाला आहे, एवढं चालवून घ्या.) विमान फ्रँकफर्टला उतरतं, तुम्ही फोन सुरू करता. सिममधला पंधरा आकडी क्रमांक टॉवरकडे जातो. पहिले तीन आकडे देशाचे. जर्मनीचे २६२, भारताचे ४०४ आणि ४०५. हो, वेबवर पान सापडलं नाही की दिसतो तोच ४०४, निव्वळ योगायोग. जर्मन नेटवर्क तुम्हाला ओळखत नाही. ते म्हणतं, थांबा, तुमच्या घरी विचारून सांगतो. मग ते भारतातल्या तुमच्या कंपनीला विचारतं. सिमची गुप्त किल्ली दोनच ठिकाणी असते, सिममध्ये आणि घरच्या कंपनीकडे. घरून किल्ली पाठवत नाहीत. एक प्रश्न आणि त्याचं बरोबर उत्तर पाठवतात. जर्मन नेटवर्क फोनला फक्त प्रश्न विचारतं. सिम किल्ली वापरून उत्तर काढतं, दोन्ही जुळली की प्रवेश. परक्याला गुपित न सांगता ओळख पटवायची, आणि हे सगळं काही सेकंदांत. मूळ जीएसएममध्ये एक खोट होती. टॉवर फोनला तपासायचा, पण फोन टॉवरला तपासत नसे. ती थ्रीजीमध्ये दुरुस्त झाली.

तंत्रावर पाच वर्षांत एकमत झालं. पैशावर व्हायला आणखी तीस वर्षं गेली. तुम्हाला परदेशात फोन आला तर करणाऱ्याला तुम्ही कुठे आहात ते ठाऊक नसतं, तो भारतातल्या कॉलचेच पैसे देतो. पुढचा समुद्रापलीकडचा टप्पा तुमच्या माथी. दोन कंपन्या आपसात ठरवतील तो दर, आणि ग्राहक त्या खोलीत नाही. आपल्याकडे मुंबई हे एक सर्कल आणि गोव्यासकट उरलेला महाराष्ट्र हे दुसरं, त्यामुळे मुंबईचं कार्ड एकेकाळी पुण्यातही रोमिंगवर असायचं. युरोपीय संघानं २००७ मध्ये कायदा करून केलेल्या कॉलला मिनिटाला ४९ सेंट आणि आलेल्या कॉलला २४ सेंट अशी मर्यादा घातली, आणि १५ जून २०१७ पासून संघाच्या आत रोमिंगचा जादा आकारच काढून टाकला. स्वित्झर्लंड त्यात नाही. मी स्टुटगार्टला आठ महिने कामाला होतो, तेव्हा सरोवराकाठच्या कोन्स्टान्झला जाताना ऑफिसातले जर्मन लोक आठवणीनं रोमिंग डेटा बंद करायचे. तिथे फोन स्विस टॉवर कधी पकडेल सांगता येत नाही.

आमच्यासारख्यांनी हा दराचा प्रश्न वायफाय आणि व्हॉट्सॲपनं सोडवला. आईशी तासभर बोलायला आता सिम लागत नाही. तरीही स्टुटगार्टमध्ये माझ्या फोनात दुसरं, भारतातलं कार्ड होतं, आणि ओळखीतल्या प्रत्येक मराठी माणसाच्या फोनात होतं. कारण ओटीपी. रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना ओळखीची दुसरी पायरी सक्तीची केली. चांगलं केलं. पण ती पायरी एसएमएसवर बसली. एसएमएस म्हणजे नेटवर्कच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवर मोकळ्या जागेत बसवलेली १६० अक्षरं. जे कार्ड प्रवाशाला घराबाहेर मोकळं करायला बनवलं, त्याच्यावरच आता घरचं बँक खातं, आयकराचं लॉगिन, बाबांच्या दवाखान्याचं बिल भरणं, सगळं टांगलेलं आहे.

हे टांगणं फार नाजूक आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळानं दुसऱ्याला देऊ शकते. माझ्या एका सहकाऱ्याचं तेच झालं. वडिलांना नगरला ॲडमिट केलेलं, पैसे खात्यात पडून, आणि ओटीपी जात होता कोणा अनोळखी माणसाकडे. बँकेच्या हेल्पलाइननं सांगितलं, नंबर बदलायला शाखेत या. तो तेव्हा म्युनिकमध्ये होता. शेवटी पुण्यातल्या चुलत्यांनी रोख नेऊन भरली.

जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयनं १० देशांच्या मोबाईल क्रमांकांवरून अनिवासी खात्यांना यूपीआय वापरायची वाट उघडली. चार-सहा महिन्यांसाठी ऑनसाइट जाणाऱ्याचं खातं मात्र साधंच असतं, त्यामुळे ही सोय त्याच्यासाठी नाही. तो निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घेतो, भारतातल्या कार्डाचा डेटा बंद ठेवतो आणि तीन महिने भरायच्या आत रिचार्ज करायला घरी सांगून ठेवतो. आमच्या टीममध्ये त्या तारखांची एक शेअर केलेली एक्सेल शीट आहे. सध्या तिच्यात अकरा नंबर आहेत.